तिसऱ्या दिवशी गोठवलेले भ्रूण बाजूला ठेवावेत का?

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे स्पष्ट राहील. तुमचे वय ३४ आहे आणि एएमएच (स्त्रीबीजांचा उरलेला साठा दाखवणारी रक्ततपासणी) वयाच्या मानाने कमी आहे. गेल्या वर्षी पुण्यातील एका केंद्रात आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्यासाठी, स्त्रीबीजे काढली, त्यातून सहा भ्रूण तयार झाले, दोन त्याच महिन्यात गर्भाशयात सोडले पण गर्भधारणा झाली नाही, आणि उरलेले चार फलनानंतरच्या तिसऱ्या दिवशी गोठवून ठेवले आहेत. आता दुसऱ्या केंद्रात तुम्हाला असे सांगण्यात आले की 'डे थ्री'चा निकाल कमी असतो, म्हणून ते चार राहू द्यावेत, नव्याने इंजेक्शने घेऊन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढवलेले भ्रूण, तयार करावेत, म्हणजे यशाचे प्रमाण दुप्पट होईल. ते खरेच दुप्पट होते का आणि त्या चार भ्रूणांचे काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात भ्रूणशास्त्रज्ञ म्हणून प्रयोगशाळेत काम करते. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत आणि अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा आहे. भ्रूणांची प्रत, गर्भाशयाच्या अस्तराची स्थिती, आधीच्या प्रयत्नात भ्रूण कसे वाढले होते, यांवर बरेच अवलंबून आहे. तरीही तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यामागचा तर्क तपासून पाहता येतो, आणि माझ्या मते तो तपासणे गरजेचे आहे. तुमच्या प्रश्नाचे खरे रूप 'तिसरा दिवस की पाचवा दिवस' असे नाही. 'दुप्पट' हा शब्द कोणत्या बेरजेवर उभा आहे, हा खरा प्रश्न आहे.

आधी त्या पाच दिवसांत काय घडते ते पाहू. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आल्यानंतर साधारण सोळा ते अठरा तासांनी फलन झाले की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दुसऱ्या दिवशी भ्रूणाच्या चार पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि पाचव्या किंवा सहाव्या दिवशी आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होऊन त्याला ब्लास्टोसिस्टचे रूप येते. त्यात एका बाजूला पेशींचा पुंजका असतो, ज्यातून बाळ घडते, आणि बाहेर पातळ आवरण असते, ज्यातून पुढे वार तयार होते. या प्रवासात एक मोठे वळण आहे. पहिले दोन-अडीच दिवस भ्रूण जवळजवळ पूर्णपणे स्त्रीबीजात आधीच साठवलेल्या सामग्रीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर त्याचे स्वतःचे जनुक कामाला लागतात, हे ब्रॉड, बोल्टन आणि मूर या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच तिसऱ्या दिवशी अतिशय देखणा दिसणारा भ्रूण चौथ्या दिवशी थांबू शकतो, कारण त्याची स्वतःची परीक्षा तोपर्यंत जेमतेम सुरू झालेली असते. शुक्राणूंच्या गुणवत्तेचा परिणामही बहुधा याच वळणानंतर दिसू लागतो.

फलित झालेल्या दहा बीजांपैकी साधारण चार ते सहा ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना सहमतीत, म्हणजे या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकमताने काढलेल्या निवेदनात, प्रयोगशाळांसाठी जे मापदंड ठरवले गेले, त्यात ४० टक्के ही किमान अपेक्षा आणि ६० टक्के हे उत्तम कामगिरीचे लक्ष्य मानले आहे. म्हणजे उत्तम प्रयोगशाळेतसुद्धा दहातले चार वाटेत थांबतात, आणि ते बहुतांशी प्रयोगशाळेमुळे नव्हे, तर त्या भ्रूणांतील गुणसूत्रांच्या दोषांमुळे किंवा पेशींच्या दुबळेपणामुळे.

इथे मुख्य मुद्दा येतो. भ्रूणाला इन्क्युबेटरमध्ये (भ्रूण वाढवण्याच्या उबदार पेटीत) आणखी दोन दिवस ठेवल्याने तो अधिक चांगला होत नाही. आपल्याला त्याच्याविषयी अधिक कळते, एवढेच. जो पाचव्या दिवसापर्यंत टिकला, त्याने एक कठीण टप्पा पार केलेला असतो, म्हणून असा एक भ्रूण सोडला तर गर्भ राहण्याची शक्यता तिसऱ्या दिवसाच्या एका भ्रूणापेक्षा जास्त असते. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ज्या भ्रूणातून बाळ होणार होते, तो तिसऱ्या दिवशीही तोच होता. निवड करण्याची आपली क्षमता वाढली, भ्रूणाची कुवत वाढली नाही.

टक्केवारीचा घोळ इथूनच सुरू होतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. शंभर जोडप्यांमध्ये प्रत्येकीला तिसऱ्या दिवशी भ्रूण सोडला आणि तीस जणींना बाळ झाले, तर यश ३० टक्के. त्याच शंभर जोडप्यांचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढवले, त्यात पंचवीस जणींचा एकही भ्रूण ब्लास्टोसिस्ट झाला नाही आणि त्यांना सोडण्यासाठी काहीच उरले नाही, उरलेल्या पंचाहत्तर जणींना भ्रूण सोडला आणि पुन्हा तीसच बाळे झाली, तर 'प्रत्येक ट्रान्स्फरमागे यश', म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या प्रत्येक वेळेमागचे यश, ४० टक्के दिसते. बाळे तितकीच झाली, फक्त भागाकारातली खालची संख्या लहान झाली. कच्च्या विद्यार्थ्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून शाळेने दहावीचा शंभर टक्के निकाल जाहीर करावा, तसाच हा हिशेब आहे. ज्यांच्यापुढे पाचव्या दिवशी रिकामी डिश आली, त्या पंचवीस जणी कोणत्याच आकड्यात दिसत नाहीत, आणि मला त्यांचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

प्रत्यक्ष संशोधन काय सांगते तेही पाहू. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणारी संस्था आहे; तिच्या २०२२ मध्ये अद्ययावत झालेल्या आढाव्यात अनेक यादृच्छिक चाचण्या (चिठ्ठी पद्धतीने गट पाडून केलेले अभ्यास) एकत्र तपासल्या आहेत. ताज्या, म्हणजे न गोठवलेल्या भ्रूणाच्या, ट्रान्स्फरमध्ये तिसऱ्या दिवशी भ्रूण सोडून ३१ टक्के स्त्रियांना बाळ होत असेल, तर ब्लास्टोसिस्ट सोडून ते प्रमाण ३२ ते ४१ टक्क्यांच्या दरम्यान असावे, असा त्याचा अंदाज आहे. फायदा आहे, पण तो दुप्पट नाही. त्याहून तुमच्या प्रश्नाशी जवळचे काम नेदरलँड्समध्ये झाले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी किमान चार भ्रूण हाती असलेल्या १२०२ स्त्रियांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटात तिसऱ्या दिवशी, दुसऱ्यात पाचव्या दिवशी भ्रूण सोडले. मग एका वेळच्या स्त्रीबीजांतून मिळालेल्या ताज्या आणि गोठवलेल्या सर्व भ्रूणांचा एकत्रित हिशेब केला गेला. ब्लास्टोसिस्ट गटात ५८.९ टक्के स्त्रियांना बाळ झाले आणि तिसऱ्या दिवसाच्या गटात ५८.४ टक्के. ताज्या ट्रान्स्फरपुरते पाहिले तर ब्लास्टोसिस्ट पुढे होता, पण शेवटचा हिशेब जवळजवळ समान निघाला.

या अभ्यासातील दोन बारकावे सांगायला हवेत, कारण ते दोन्ही बाजूंचे आहेत. ब्लास्टोसिस्ट गटातील स्त्रियांना बाळापर्यंत पोहोचायला सरासरी कमी ट्रान्स्फर लागले आणि गर्भपातही कमी झाले, आणि ज्या जोडप्याने एकेका नकारात्मक बीटा एचसीजी रिपोर्टचे (गर्भधारणेच्या रक्ततपासणीचे) दुःख सोसले आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. दुसरीकडे, बत्तीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण त्या गटात अधिक आढळले. त्यामुळे ब्लास्टोसिस्टचा मुख्य लाभ वेळेचा आणि मनस्तापाचा आहे, बाळांच्या एकूण संख्येचा नाही, असे मी म्हणेन.

मग प्रयोगशाळा ब्लास्टोसिस्टचा आग्रह का धरतात? अनेकदा योग्य कारणांनी. भ्रूण भरपूर असतील तर त्यांतून एक निवडण्यासाठी पाचवा दिवस उत्तम असतो. आधीचे सिझेरियन, गर्भाशयाच्या रचनेतील दोष किंवा रक्तदाब यांमुळे जुळ्यांचा धोका टाळायचाच असेल, तर एकच ब्लास्टोसिस्ट सोडणे शहाणपणाचे ठरते. गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर बाहेरच्या आवरणातील काही पेशी काढाव्या लागतात आणि ते पाचव्या-सहाव्या दिवशीच नीट जमते. तिसऱ्या दिवसाचे चांगले भ्रूण सोडूनही वारंवार अपयश आले असेल, तर ते पुढे वाढतात का हे पाहण्यातून काही माहिती मिळते. शिवाय निसर्गातही भ्रूण तिसऱ्या दिवशी गर्भनलिकेत असतो आणि गर्भाशयात चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो, त्यामुळे ब्लास्टोसिस्टची वेळ निसर्गाशी जास्त जुळते, हा युक्तिवादही चुकीचा नाही. मात्र १९७८ मध्ये जन्मलेली जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन ही आठ पेशींच्या टप्प्यावर गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणातून झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे जगभरातील आयव्हीएफची बाळे बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणांतूनच आली. गर्भाशय त्या टप्प्यालाही सांभाळून घेतो.

प्रयोगशाळेत पाच दिवस सांभाळणे हे मात्र प्रयोगशाळेच्या दर्जावर फार अवलंबून आहे, आणि याविषयी रुग्णांशी क्वचितच कोणी बोलते. भ्रूण ज्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, वाढतो त्याची आम्लता इन्क्युबेटरमधील कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ठरते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो, म्हणून मुंबईत इन्क्युबेटरला लावलेला टक्केवारीचा आकडा पुण्यात जसाच्या तसा लावला तर माध्यमाची आम्लता बदलते. इथे आम्ही तो थोडा वाढवतो आणि माध्यमाचा पीएच (आम्लतेचे माप) मोजून खात्री करतो. अशा अनेक गोष्टी जिथे रोज तपासल्या जातात, तिथे पाचव्या दिवसापर्यंत जाण्यात भ्रूणाचे नुकसान कमी. जिथे तपासल्या जात नाहीत, तिथे गर्भाशयात टिकला असता असा एखादा भ्रूण डिशमध्ये थांबण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. एका विशिष्ट भ्रूणाबद्दल ते कधीच सिद्ध करता येत नाही, म्हणूनच इथे सावधगिरी हवी.

आता गोठवण्याबद्दल. तुमचे भ्रूण गेल्या वर्षी गोठवले असल्याने ते व्हिट्रिफिकेशन पद्धतीने गोठवले असण्याचीच शक्यता जास्त आहे, तरी विचारून खात्री करा. या पद्धतीत भ्रूण अतिशय वेगाने थंड केला जातो, पाण्याचे स्फटिक होण्याआधीच आतला द्रव काचेसारखा घट्ट होतो, आणि मग तो उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतो. जुन्या संथ पद्धतीपेक्षा यात टिकण्याचे प्रमाण खूपच चांगले आहे. हाताला सवय असलेल्या प्रयोगशाळेत तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचे, दोन्ही प्रकारचे दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक भ्रूण सुखरूप बाहेर येतात. आठ पेशींच्या भ्रूणातील एखाद-दोन पेशी गेल्या तरी तो पुढे वाढू शकतो. या तापमानाला भ्रूणाचे वय वाढत नाही, त्यामुळे तुमचे ते चार भ्रूण तुम्ही ३३ वर्षांच्या असतानाचेच आहेत आणि तसेच राहतील. भारतात सहाय्यक प्रजननाविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार साठवणुकीची कमाल मर्यादा दहा वर्षे आहे, तेव्हा घाई करण्याचे कारण त्या बाजूने नाही.

वयाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा घेते, कारण टप्प्यापेक्षा त्याचे वजन मोठे आहे. स्त्रीबीजे काढली तेव्हाचे वय ठरवते की किती भ्रूणांत गुणसूत्रे योग्य असतील. तिशीच्या आसपास सदोष भ्रूणांचे प्रमाण चौथा ते तिसरा हिस्सा असते, चाळिशीला ते निम्म्याच्या वर जाते, आणि त्रेचाळीसपर्यंत पाचातले चार सदोष असू शकतात. म्हणून तुमचे चार भ्रूण पाचव्या दिवसाचे नाहीत एवढ्याच कारणाने ते बाजूला ठेवणे मला अजिबात पटत नाही. नवीन स्त्रीबीजे काढण्याचे एकच कारण मला समजू शकते: एएमएच कमी आहे, तुम्हाला दोन मुले हवी आहेत, आणि पुढच्या काही वर्षांत बीजांची संख्या आणखी घटेल म्हणून आताच भ्रूण साठवून ठेवायचे आहेत. तसे असेल तर तो विचार रास्त आहे, पण मग कारण ते आहे, आणि तुम्हाला तसेच स्पष्ट सांगितले जायला हवे.

राहिले ते चार भ्रूण. ते उघडून, म्हणजे गोठलेल्या अवस्थेतून बाहेर काढून, पाचव्या दिवसापर्यंत वाढवायचे की दोन-दोन करून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सोडायचे? साधे गणित करून पाहा. प्रत्येक भ्रूण ब्लास्टोसिस्ट होण्याची शक्यता निम्मी धरली, तर चारही थांबण्याची शक्यता सोळात एक येते. ती शक्यता ४० टक्के धरली, तर साधारण आठात एक. फक्त दोनच भ्रूण उघडून वाढवले, तर दोन्ही थांबण्याची शक्यता चारात एक ते तिनात एकाच्याही थोडी वर जाते. एकाच जोडप्याचे भ्रूण बऱ्याचदा सारखेच वागतात, त्यामुळे प्रत्यक्षातला धोका या हिशेबापेक्षा थोडा जास्तच समजावा. ज्या मनःस्थितीतून तुम्ही लिहिले आहे, त्यात 'सोडायला काहीच उरले नाही' हा फोन तुम्हाला झेपेल का, हे तुम्ही दोघांनी आधी एकमेकांना विचारा. काही जोडप्यांना तेच स्पष्ट उत्तर हवे असते, काहींना मुळीच नको असते. इथे बरोबर आणि चूक असे काही नाही.

माझा स्वतःचा कल अशा परिस्थितीत मधल्या मार्गाकडे असतो. दोन भ्रूण उघडायचे, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे आणि सकाळी पेशी पुढे विभागल्या का ते पाहायचे. उघडल्यानंतर पेशी पुन्हा विभागू लागल्या, तर भ्रूण टिकला आहे याचा तो चांगला पुरावा असतो. मग त्यातला उत्तम एक सोडायचा आणि दुसरा पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढवून ब्लास्टोसिस्ट झाला तर पुन्हा गोठवायचा. दुसऱ्यांदा गोठवणे आदर्श नाही, पण अनुभवी हातांत ते करता येते. दोन्ही एकदम सोडायचे का, हे गर्भाशय, उंची, रक्तदाब आणि जुळ्यांचा भार पेलण्याची तुमची तयारी पाहून डॉक्टरांनी ठरवावे. माझ्या मते ३३ वर्षांच्या बीजांपासून झालेल्या चांगल्या भ्रूणांसाठी एक पुरेसा असतो. एका स्ट्रॉमध्ये (भ्रूण गोठवण्याच्या बारीक नळीत) दोन भ्रूण गोठवले असतील तर एकच उघडणे शक्य नसते, म्हणून ही नोंद आधी काढून घ्या.

अस्तराच्या तयारीकडे मात्र टप्प्याइतकेच, किंबहुना अधिक लक्ष हवे. गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये प्रोजेस्टेरॉन (अस्तराला भ्रूण स्वीकारण्यास तयार करणारे संप्रेरक) सुरू केलेला दिवस शून्य धरला, तर तिसऱ्या दिवसाचा भ्रूण तिसऱ्या दिवशी आणि ब्लास्टोसिस्ट पाचव्या दिवशी सोडतात. भ्रूण रात्रभर वाढवायचा असेल तर प्रत्येक केंद्राच्या पद्धतीनुसार एखाद्या दिवसाचा फरक पडतो. सहाव्या दिवशी गोठवलेला ब्लास्टोसिस्टही पाचव्याच दिवशी सोडायचा असतो. ऐनवेळी टप्पा बदलला आणि प्रोजेस्टेरॉनची तारीख तीच राहिली, तर चांगला भ्रूणही चुकीच्या दाराशी पोहोचतो. तुमची पाळी नियमित असेल तर गोळ्यांऐवजी नैसर्गिक सायकलबद्दल जरूर विचारा, कारण त्यात बीज बाहेर पडल्यावर बीजकोशातून तयार होणारे, प्रोजेस्टेरॉन पुरवणारे पीतपिंड उपलब्ध असते आणि गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका कमी आढळतो.

पहिल्या केंद्राकडून चारही भ्रूणांच्या पेशींची संख्या आणि पेशींपासून तुटलेल्या तुकड्यांचे प्रमाण, गोठवण्याची पद्धत, वापरलेले उपकरण आणि माध्यम यांची लेखी नोंद घ्या, कारण दुसऱ्या केंद्रात भ्रूण हलवायचे झाले तर तिथल्या भ्रूणशास्त्रज्ञाला उघडताना नेमके हेच लागते. दुसऱ्या केंद्राला हे विचारा की तुमच्या वयोगटात शंभर जणींची स्त्रीबीजे काढल्यावर किती जणींना बाळ होते, आणि किती जणींना पाचव्या दिवशी सोडायला काहीच मिळत नाही. भ्रूण उघडण्याच्या दिवसाआधी संमतीपत्रावर तीन गोष्टी लिहून घ्या: किती भ्रूण उघडायचे, पहिले दोन टिकले नाहीत तर लगेच पुढचे उघडायचे की आधी तुम्हाला फोन करायचा, आणि वाढ मंद दिसली तर त्याच दिवशी सोडायचा की पाचव्या दिवसापर्यंत थांबायचे.